दिवसाउजेडी

गेल्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयाची सहल उज्जैन, ओंकारेश्वर आणि इंदूर पाहून परत आली. मंडळी खुशीत होती. माझे लहानपण त्या भागात गेलेले, त्यामुळे मी मोठ्या उत्सुकतेने एका विद्यार्थ्याला विचारले, "काय रे, नर्मदा कशी वाटली?"

"छान सर. ओंकारेश्वरला नावेत बसलो."

"आणि खलघाटचा पूल?"

तो थोडा गोंधळला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, तिथं आम्ही झोपलो होतो."

मी आणखी चार-पाच जणांना विचारले. सेंधवा? झोप. बिजासनचा घाट? झोप. धुळे? "तिथं चहाला थांबलो होतो बहुतेक, अंधार होता." बेळगावहून संध्याकाळी आरामगाडी निघाली, एक रात्र आणि थोडा दिवस गेला, आणि मुले इंदुरात उतरली. येतानाही तसेच. हजार किलोमीटरचा रस्ता जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा पायांखालून गेला आणि बहुतेकांच्या हाती लागला तो धाब्यावरचा एक चहा.

माझे म्हणणे सरळ आहे. महाविद्यालयाची सहल दिवसा जावी आणि दिवसा यावी. रात्री मुक्काम करावा. असे म्हणणारा प्राध्यापक स्टाफरूममध्ये जुनाट समजला जातो, हे मला माहीत आहे. तरीही मी का म्हणतो, ते सांगण्यासाठी मला १९८१ सालच्या मे महिन्यात जावे लागेल.

आमचे घर सांवेरचे. इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत हे तालुक्याचे गाव लागते. पूर्वी होळकरांच्या राज्यात होते. आमचा कोणी पूर्वज होळकरांच्या पदरी कारकून म्हणून दक्षिणेतून तिकडे गेला, असे घरात सांगत. त्याला कागदाचा पुरावा काही नाही, आणि माळव्यातल्या प्रत्येक मराठी घरात असा एक कारकून असतोच. बाबांनी बेळगावला मामांच्या छापखान्यात काम करायचे ठरवले आणि आमचे घर उठले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

आगगाडीने का गेलो नाही, असे आजची मुले विचारतील. तेव्हा इंदूरहून खांडव्यापर्यंत मीटर गेज, खांडव्यापासून पुढे ब्रॉड गेज, आणि मिरजेला पुन्हा उतरून बेळगावची मीटर गेज गाडी. एवढ्या ठिकाणी सामान चढवा-उतरवायचे म्हणजे अर्धे हरवणार, असे काकांचे मत पडले. म्हणून काकांनी एक जुनी मोटार मिळवली. टपावर कॅरियर, त्यावर ट्रंका आणि वळकट्या, पुढच्या बंपरला पाण्याची छागल, आणि आत माणसे नऊ : आजी, बाबा, आई, काका, काकू, आत्या आणि आम्ही तीन मुले. गाडी कोणत्या कंपनीची होती हे सांगत नाही, कारण नऊ माणसे कोंबल्यावर कोणतीही गाडी तापलीच असती.

निघण्याच्या आदल्या दिवशी आजी सांवेरच्या मारुतीला जाऊन आली. हा मारुती उलटा आहे, डोके खाली आणि पाय वर. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेले तेव्हा मारुतीने इथूनच खाली उडी घेतली, अशी कथा सांगतात. आजी परत आली ती गप्प होती. मग म्हणाली, "तो गेला तसं आपण चाललो. खाली." नकाशात बेळगाव खाली असते, एवढाच अर्थ मला तेव्हा लागला.

पहाटे चारला निघालो. मानपूर येईपर्यंत चांगले उजाडले होते, आणि तिथून रस्ता एकदम खाली कोसळू लागला. मला पाठ्यपुस्तकात 'माळव्याचे पठार' असा धडा होता. पठार म्हणजे काय, हे मला त्या उतारावर कळले. माळव्यातली पहाट गार होती, खाली निमाडात पोहोचेपर्यंत आठ वाजताच खिडकीतून भट्टीची हवा आत येऊ लागली. तासाभरात हवा बदलली, मातीचा रंग बदलला, माणसांच्या पागोट्या बदलल्या. विंध्य उतरलो, नर्मदा ओलांडली, पुढे सेंधव्याकडे सातपुडा चढलो, बिजासनचा घाट उतरून शिरपूरकडे आलो, मग तापी. भूगोलाच्या परीक्षेत 'विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये कोणती नदी वाहते' हा प्रश्न मला पुढे कधी पाठ करावा लागला नाही. माझ्या मते तो कोणालाच पाठ करावा लागू नये, पण असो.

आजीने रुमालाच्या गाठीत पाच-पाच पैशांची नाणी बांधून आणली होती. प्रत्येक नदीत एक टाकायचे. खलघाटच्या पुलावर काकांनी गाडी हळू केली, आजीने हात बाहेर काढून नाणे टाकले आणि "नर्मदे हर" म्हणाली. नंतर आमचा खेळच झाला. पुढची नदी कोणती, हे आधी सांगणाऱ्याला आजीच्या वतीने नाणे टाकायला मिळे. तापी झाली. मालेगावला गिरणा. नाशिकला गोदावरी, तिथे तर सगळी उतरून स्नान करून आली. संगमनेरला प्रवरा. खेडला भीमा.

हे नाण्यांचे प्रकरण मला पुढे पुष्कळ वर्षांनी, आपल्या भूगोल विभागाच्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभे असताना नीट उलगडले. सांवेरची कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे आमच्या अंगणात पडलेला पाऊस गंगेला जात असे. मानपूरच्या अलीकडे कुठेतरी आम्ही एक अदृश्य कड ओलांडली, आणि पलीकडचे पाणी नर्मदेतून आणि तापीतून अरबी समुद्राला. नाशिकपासून पुढचे पुन्हा उलटे : गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या पूर्वेच्या समुद्राला. आजी ज्या पाच पैशांनी हिशेब ठेवत होती तो अर्ध्या भारताच्या पाण्याचा हिशेब होता. हे रात्रीच्या गाडीतून कसे दिसणार?

पहिला मुक्काम धुळ्याला, आत्याच्या नात्यातल्या घरी. तिथे जेवायला कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत होते, आणि त्या घरची म्हातारी आजीशी अहिराणीत बोलत होती. आजीला शब्द न् शब्द कळत होता! मला आश्चर्य वाटले. आजी म्हणाली, "अरे, निम्मं आपल्या माळवीसारखंच तर आहे." वाटेत निमाडी ऐकली होती, तीही तिला कळत होती. तेव्हा माझी समजूत अशी की, राज्याची हद्द आली की भाषा बदलत असेल, जशी हद्दीवर चौकी असते तशी. बिजासनला चौकी होती, मालमोटारींची लांब रांग होती. पण चौकीच्या अलीकडची बाई आणि पलीकडची बाई एकाच प्रकारे हेल काढून मुलाला हाक मारत होती. देवीसुद्धा तीच. इंदूरजवळच्या टेकडीवर बिजासन, आणि इथे घाटातही बिजासन.

दुसऱ्या दिवशी चांदवड लागले. तिथला होळकरांचा रंगमहाल काकांनी गाडीतूनच दाखवला. इंदूरच्या राजवाड्याशी त्याचे नाते आहे, हे कळल्यावर आजीला जरा धीर आला. म्हणाली, "म्हणजे अजून आपल्याच मुलखात आहोत." तिचा मुलूख असा होता. त्याला १९५६ ची राज्यपुनर्रचना ठाऊक नव्हती आणि १९६० चा महाराष्ट्रही. अहिल्याबाई नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या, मल्हारराव नीरेकाठच्या होळचे, राज्य मात्र माळव्यात. आजीच्या दृष्टीने हा सगळा एक वाडा होता आणि आम्ही त्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी जेजुरी. होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि आमचेही. गडाच्या बांधकामात होळकरांचा मोठा हात आहे, हे तिथे प्रत्येक पुजारी सांगतो. पायऱ्या चढताना चहूबाजूंनी भंडारा उधळला जात होता आणि 'येळकोट'चा गजर चालू होता. मी आजीला विचारले, येळकोट म्हणजे काय? ती म्हणाली, "देवाचं नाव असतं तसं. अर्थ काय विचारतोस?"

अर्थ मला याच महाविद्यालयात कळला. कन्नड विभागातल्या माझ्या एका सहकाऱ्यांनी एकदा सहज सांगितले की, कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात आणि मैलारच्या यात्रेत 'एळु कोटि' असा घोष होतो. एळु म्हणजे सात. सात कोटी. आमच्या सांवेरच्या घरात, जिथे कन्नडचे एक अक्षरही कोणाला येत नव्हते, तिथे दर चंपाषष्ठीला आम्ही कन्नड बोलत होतो! मंगसुळीचा खंडोबा तर आपल्या जिल्ह्यातच आहे. त्याच्या दोन बायकांपैकी म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. देवाच्या घरातच इतक्या जाती-बोली नांदत असताना भक्तांनी भांडावे, याची मला गंमत वाटते. सीमाप्रश्नाबद्दल मी येथे काही बोलणार नाही. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे आणि या अंकाच्याही.

जेजुरीहून नीरा, लोणंद, सातारा, कऱ्हाड. भाषा पुन्हा बदलू लागली, पण इतकी हळू की कोठे बदलली ते बोट ठेवून सांगता येईना. कोल्हापुरात एक बाई आजीला म्हणाली, "मी आत्ताच आलो बघा." आम्ही मुले खिदळलो. बाई 'आलो' म्हणते! आणि प्रत्येक वाक्यापाठी 'की'. बस की, खा की, घे की. इंदुरात आम्ही 'भिया' म्हणून हाक मारणारी मुले, आम्हाला हे सगळे नाटकातले वाटत होते. दोन वर्षांत माझी बहीण स्वतःच 'आलो' म्हणू लागली, तो भाग वेगळा.

कागल सोडल्यावर दूधगंगेचा पूल लागला. आजीच्या गाठीत एकच नाणे उरले होते. तिने विचारले, "हिचं नाव काय?" बाबा म्हणाले, "दूधगंगा." आजी क्षणभर थांबली. "गंगा आहे ना, मग झालं," म्हणून तिने ते टाकले. पुढे वेदगंगा लागली तेव्हा तिच्याजवळ काही नव्हते, तिने नुसते हात जोडले.

पूल ओलांडल्यावर पाट्यांवरची अक्षरे बदलली. माझ्या इंदुरी डोळ्यांना ती जिलेब्यांसारखी दिसली. कन्नड विभागाच्या संपादकांसमोर हे आज कबूल करतो. त्या जिलेब्या पुढे मला वाचता येऊ लागल्या आणि त्यांतल्या काही फार गोड निघाल्या.

निपाणीला आजीला पानसुपारी हवी होती. तिचा अडकित्ता तिच्या कमरेच्या पिशवीत कायम असे. दुकानदाराने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि शेजारच्याला कन्नडमध्ये काही सांगितले. त्यात 'अडकी' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. अडकी म्हणजे सुपारी. अडकित्ता हा शब्द त्याच कुळातला. आजी ज्या वस्तूला जन्मभर आपल्या घरची समजत होती तिचे नाव इथल्या मातीतले होते. अण्णा, अक्का हे शब्दही असेच इकडून वर गेलेले. शब्दांनीही तोच प्रवास केला असणार, आमच्या उलट दिशेने, आणि पायी.

इथपर्यंत मी हा लेख लिहून आईला वाचून दाखवला. तिचे वय आता ऐंशीच्या जवळ आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू सांगतोस तो प्रवास मी केलाच नाही."

मला वाटले ती विसरली. पण तिला माझ्याहून जास्त आठवत होते. धाकटा चुलतभाऊ मानपूरच्या घाटापासून ओकत होता आणि तो तिच्या मांडीवर होता. दशम्यांचा डबा तिच्या पायाशी, प्रत्येक वेळी नऊ जणांना वाढायचे तिनेच. आणि मग तिने जे सांगितले ते इतक्या वर्षांत मला कधी सुचलेच नव्हते. "तुम्ही पुरुष आणि पोरं कुठंही गाडी थांबवून उतरत होतात. आम्ही चौघी बायका. सेंधव्यापासून धुळ्यापर्यंत आडोसा नव्हता. मी आणि तुझी काकू, आम्ही पहाटेपासून पाणीच प्यायलो नाही. निमाडातल्या त्या उन्हात! छागलीतलं पाणी किती गार होतं ते तुला आठवतं. मला नाही माहीत." माहेरी चालली होती म्हणून तिला आनंद झाला असेल, अशी माझी आजवर समजूत होती. ती म्हणाली, "झाला असेल. डोकं इतकं दुखत होतं."

मी लेख बाजूला ठेवला. चार दिवस हात लावला नाही.

नंतर वर्गातल्या मुलींना मी भीतभीतच विचारले की, त्यांना रात्रीची गाडी का आवडते. आधी कोणी बोलेना. मग एक जण म्हणाली, "सर, रात्री झोपून जातो. म्हणजे पाणी प्यायचा प्रश्न येत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. १९८१ मध्ये माझ्या आईने जे केले तेच त्या आज करतात, फक्त अंधारात.

तेव्हा माझे मूळ म्हणणे मी मागे घेत नाही, पण त्याचा क्रम बदलतो. आधी बायकांच्या सोयीची ठिकाणे, मग मुक्काम, मग प्रेक्षणीय स्थळे. सहल समिती आजवर हे नेमके उलट्या क्रमाने ठरवत आली आहे, आणि त्या समितीत दोन वर्षे मीही होतो. रस्ता आता चौपदरी झाला आहे. बिजासनच्या घाटात गाडी तापत नाही, पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृहे असतात, काही ठिकाणी ती कुलूपबंद असतात, किल्ली मागावी लागते. ही किल्ली एकट्या मुलीने मागायची नसते, बरोबरच्या प्राध्यापकाने गाडीतून उतरून आधी मागून ठेवायची असते. एवढे काम आमच्याकडून होण्यासारखे आहे.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. रात्रीच्या प्रवासात मुक्कामाचे पैसे वाचतात. पण धुळ्याला आणि पुण्याला विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत, जानेवारीत एक रात्र जमिनीवर सतरंजी टाकून झोपायला आपल्या मुलांना काही होत नाही. दिवस वाढतात, हाही मुद्दा खरा आहे. मग स्थळे कमी करावीत. इंदुरात सराफ्यात रात्री खाऊन आले नाही तरी चालेल, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, परंतु एखादे उद्यान गाळता येईल.

चौपदरी रस्त्याने आणखी एक गोष्ट केली आहे. संगमनेर, नारायणगाव, निपाणी ही गावे आता बाजूला राहतात. दिवसा गेलात तरी गाव दिसेलच असे नाही, मुद्दाम आत वळावे लागते. निपाणीत वळा आणि पान खा, एवढे मी सुचवीन.

आजी बेळगावात सहा वर्षे जगली. सांवेरला ती पुन्हा गेली नाही. कोणी नेले नाही, असे म्हणणे अधिक खरे. प्रत्येक उन्हाळ्यात निघायचे ठरे आणि छापखान्याचे काम निघे. अडकित्ता माझ्याकडे आहे. बिजागरी सैल झाली आहे, सुपारी फुटते पण कातरली जात नाही.

पुढच्या जानेवारीच्या सहलीसाठी मी प्राचार्यांकडे लेखी सूचना दिली आहे. जाताना दोन मुक्काम, पुणे आणि धुळे. प्रवास सकाळी सहा ते सायंकाळी सहा. दर दोन तासांनी थांबा, आणि थांब्याची ठिकाणे आधी पाहून ठरवलेली. त्या आधी ऑक्टोबरच्या सुट्टीत ती ठिकाणे पाहून यायला मी स्वतः जाणार आहे. कन्नड विभागाचे सहकारी बरोबर येतो म्हणाले आहेत, त्यांना जेजुरी पाहायची आहे. आईला विचारले, येतेस का सांवेरपर्यंत? तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "पुढच्या सीटवर बसणार असेन तर येते. आणि तो खलघाटचा पूल आला की मला सांग, मी तेव्हा त्याला थोपटत होते, मला दिसलाच नाही."